सतरा नंबर

त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. माझ्या यादीत तो सतरा नंबर होता, म्हणून सतरा नंबरच म्हणेन. त्यानं मला ‘ए’ म्हटलं होतं, त्या मानानं हा आकडासुद्धा पुष्कळ झाला.

मी संजना रवी पगारे, राहणार नाशिकरोड. नवरा एकलहऱ्याला वीज केंद्रात कामाला. मी दरवर्षी थंडीत एक बस घेऊन निघते: सारनाथ, बोधगया, राजगीर, कुशीनगर, लुंबिनी. तेरा दिवस, एक्केचाळीस माणसं, बेचाळिसावी मी. बहुतेक आमच्या कॉलनीतल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या बाया, ज्यांनी आयुष्यात नाशिकच्या पलीकडं पाय टाकलेला नसतो. आठ वर्षांपूर्वी सुरू केलं तेव्हा लोक हसले होते. म्हणाले, बाई माणूस, बस कुठं नेणार, रस्त्यात अडकली म्हणजे? म्हटलं, अडकली तर ढकलू. एक्केचाळीस जणी आहोत.

माझ्या बसचे नियम आहेत आणि ते मी कुणासाठी मोडत नाही. म्हणजे मोडत नव्हते. पहिला नियम जागेचा. रोज सकाळी प्रत्येकानं दोन ओळी पुढं सरकायचं, पुढच्यांनी मागं जायचं. पहिल्या वर्षी एक निवृत्त इंजिनिअरची बायको म्हणाली, मला मागं बसून मळमळतं. म्हटलं, ताई, इथं बसलेल्या सगळ्यांच्या आज्या मागं बसून आल्यात, तुम्हाला एक दिवस जमेल. जमलं तिला. छान झोपली होती मागं, तोंड उघडं टाकून.

दुसरा नियम चपलांचा. प्रत्येक ठिकाणी चपला बाहेर काढाव्या लागतात, आणि बायांच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, ते सगळं सांभाळायला एक माणूस बाहेर लागतो. कोण बसणार? तर रोज सकाळी बिस्किटाच्या डब्यातून चिठ्ठी काढायची. यादीतले सगळे नंबर त्यात, माझासुद्धा. ज्याचा निघेल त्यानं त्या दिवशी बसायचं, मग इंजिनिअर असो की धुणंभांड्याची. डबा आणि पिशव्या त्याच्याकडेच ठेवायच्या. एकदा बसला की त्याची चिठ्ठी फाडून टाकायची, म्हणजे दुसऱ्यांदा कुणाच्या वाट्याला येत नाही.

हा नियम मला कुठून सुचला ते मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. रवीला सांगितलं होतं, लग्नानंतर वर्षभरानं. तो म्हणाला, सोडून दे. सोडून दे! फुगा आहे का तो?

तर ऐका. साल चौऱ्याण्णव. माझं माहेर सायखेड्याच्या पुढचं एक गाव. नाव सांगत नाही, नाहीतर गावचे लोक भांडायला येतील, आणि माझ्याकडं भांडायला आता वेळ कमी आहे. मी पाचवीत. शाळेची सहल निघाली वणीच्या गडावर, सप्तशृंगीला. आमच्या वस्तीतली तीन पोरं शाळेत होती. दोघांच्या घरून पैसे आले नाहीत. माझी आई द्राक्षाच्या बागेत घडांच्या विरळणीला गेली आणि माझे भरले. बाप म्हणाला होता, आपण धम्म घेतलाय, पोरीला देवीला कशाला धाडतेस? आई म्हणाली, देवीला नाय, गाडीत बसायला धाडतेय. जग तरी बघू दे तिला.

मला देवी नकोच होती. मला वर जायचं होतं. आमच्या गावाभोवती सगळं सपाट, ऊस आणि द्राक्षं, लांब क्षितिजावर निळे डोंगर दिसायचे. भूगोलाच्या तासाला सहल नेणारे गुरुजी, म्हणजेच हा सतरा नंबर, फळ्यावर न बघता हिंदुस्थानचा नकाशा काढायचे. एका दमात, खडू न उचलता. मग त्यात टिंबं द्यायचे: ही दिल्ली, ही काशी, ही गया, इथं एका पिंपळाखाली गौतमाला ज्ञान झालं. ते टिंब देताना माझ्याकडं बघायचे, जणू तेवढं टिंब माझ्यासाठी. मला वाटायचं, या माणसाला सगळं जग पाठ आहे. खोटं कशाला बोलू, मला तो माणूस फार आवडायचा.

गडावर पायऱ्यांच्या खाली सगळ्यांनी चपला काढल्या. मीही काढल्या. आईनं सहलीसाठी नव्या घेतल्या होत्या, लाल पट्ट्याच्या. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला तेवढ्यात मागून आवाज आला.

“ए, तू बस इथं. चपला सांभाळ.”

मी वळून बघितलं. मला वाटलं दुसऱ्या कुणाला म्हणतायत.

“तूच. तुला दर्शन कशाला? तुमच्यात देव मानत नाहीत ना आता?”

पोरं हसली. वाईट नव्हती पोरं, पण हसली. मी म्हटलं, “गुरुजी, मला फक्त वरून बघायचंय. वरून आपलं गाव दिसतं का?”

“वर लोक दर्शनाला जातात. बघायला नाही.”

आणि गेले सगळे. एकोणचाळीस जोड होते. काही पोरं अनवाणीच आली होती, म्हणून एकोणचाळीस. मी अडीच तास त्या चपलांपाशी बसले. माझ्या लाल पट्ट्याच्या मी पायात घातल्या, परत काढल्या, परत घातल्या. ते खाली आले तेव्हा मी म्हटलं, गुरुजी, आता मी पटकन जाऊन येऊ? मी पळत जाईन. तर म्हणाले, “वेळ नाही. गाडी सुटेल.”

घरी आल्यावर आईनं विचारलं, काय बघितलंस? मी म्हटलं, लय उंच होतं. दुसरं काय सांगणार होते? तिची बोटं विरळणीनं काळी झाली होती.

यावर कुणी म्हणेल, एवढंसं तर झालं. मारलं नाही, शिवी दिली नाही. अहो, तेच तर! मारलं असतं तर वळ उठला असता, दाखवता आला असता. हे दाखवायचं कुठं?

मग मी शिकले, नाशिकला आले, लग्न झालं. सगळे म्हणायचे, शहरात असलं काही नसतं. नसतं का! आम्ही गंगापूर रोडच्या बाजूला भाड्यानं घर बघत होतो. एजंट मोठा गोड बोलायचा. घर दाखवलं, नळ सोडून दाखवले, गॅलरीतून झाडं दाखवली. मग म्हणाला, पगारे म्हणजे कोणते पगारे? मी म्हटलं, एक तारखेला मिळतात ते. दुसऱ्या दिवशी फोन आला, घरमालकाचा पुतण्या अमेरिकेहून येतोय. त्या वर्षी नाशिकच्या इतक्या घरमालकांचे पुतणे अमेरिकेहून आले की विमानं पुरली नसतील. गावात तोंडावर सांगतात, शहरात पुतण्या सांगतात. मला विचाराल तर गावच बरं, निदान शिवी कुणाला द्यायची ते कळतं. शेवटी नाशिकरोडला आमच्या माणसांत घर घेतलं. लिफ्ट नाही, पण दारावर बुद्धाची मूर्ती लावली तर कुणी वरखाली बघत नाही.

विहारात भंतेजी सांगतात, राग श्वासाबरोबर बाहेर सोडा. मी सोडते. पुढच्या श्वासाबरोबर परत येतो मेला.

म्हणून मी प्रवास धरला. बसच्या खिडकीत बसलं की आडनाव मागं पडतं. मोगलसराईच्या चहावाल्याला पगारे म्हणजे काय ते ठाऊक नसतं, त्याला फक्त किती कप ते हवं असतं. सत्तर वर्षांच्या भागीबाई माझ्याबरोबर तिसऱ्यांदा आल्यात. त्या म्हणतात, “पोरी, घरी मी सून, सासू, म्हातारी. हितं मी नुसती भागी हाय.” यापेक्षा जास्त मला प्रवासाबद्दल काही सांगता येणार नाही.

आता गेल्या जानेवारीची गोष्ट. यादी भरत आली होती आणि मोबाईलवर एक फॉर्म आला. आधार कार्डाची प्रत. मी नाव वाचलं, गाव वाचलं, आणि हातातला चहा तसाच निवला. फोटोत केस गेलेले, गाल बसलेले, वय शहात्तर. पण कान तेच. वर्गात पाठीमागून आम्ही ज्यांना हसायचो ते सुपासारखे कान.

‘गाडी भरली’ एवढं लिहिलं असतं तर विषय संपला असता. रवी म्हणालाही, “नको घेऊस. तुलाच त्रास होईल.”

“मला? मला कसला त्रास?” मी म्हटलं. “एकतीस वर्षांनी माणूस पायानं चालत माझ्या गाडीत येतोय. मी घेणार.”

“घेऊन काय करणारेस?”

ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी यादीत लिहिलं, सतरा.

पहिल्या दिवशी बस धुळ्याच्या पुढं गेली की मी माईक फिरवते. प्रत्येकानं आपली ओळख सांगायची. मी माझी सांगितली आणि मुद्दाम जोडलं, माहेर अमुक गावचं, शाळा तिथलीच. त्याच्याकडं बघत सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. माईक त्याच्याकडं गेला तेव्हा उभा राहिला, पांढरा सदरा, स्वेटर, जरा वाकलेला.

“मी निवृत्त शिक्षक,” म्हणाला. “पस्तीस वर्षं मुलांना नकाशा काढायला शिकवला. गयेला टिंब द्यायचो आणि सांगायचो, इथं तो पिंपळ आहे. पण मी स्वतः नाशिक जिल्ह्याबाहेर गेलो नाही. घर, आजारपणं, राहून गेलं. गुडघे चालतायत तोवर तो पिंपळ एकदा डोळ्यांनी बघायचाय. तेवढ्यासाठी आलो.”

बायांनी टाळ्या वाजवल्या. भागीबाईंनी त्याला चिवडा दिला. मी टाळी वाजवली नाही. ओळखलं नव्हतं त्यानं मला! ज्या पोरीचं एवढं मोठं काढून घेतलं तिचा चेहराही लक्षात ठेवायची गरज वाटली नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सारनाथला चिठ्ठी दुसऱ्याच बाईची निघाली. तो सगळ्यांबरोबर आत गेला, स्तूपाच्या विटांना हात लावून उभा राहिला, लहान पोरासारखा इकडं तिकडं बघत. बसमध्ये चढताना मला म्हणाला, “मॅडम, उद्या बोधगया ना? उद्या पिंपळ?”

“हो,” म्हटलं. “उद्या पिंपळ.”

तिथंच माझं ठरलं.

सकाळी बोधगयेच्या धर्मशाळेत मी खोलीचं दार लावून घेतलं आणि वहीचं पान फाडून नव्या चिठ्ठ्या केल्या. सगळ्यांवर एकच आकडा लिहिला. सतरा, सतरा, सतरा. जुन्या चिठ्ठ्या पर्समध्ये टाकल्या आणि नव्या डब्यात. अक्षर फार सुंदर येत होतं.

मग बसजवळ सगळे जमले आणि नेहमीप्रमाणे पंचशील झालं. मी पुढं म्हणते, मागून सगळे म्हणतात. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तो डबा माझ्या काखेत होता आणि मी चौथं शील खणखणीत आवाजात म्हटलं. असं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं, आणि सांगते, जीभ जराही अडखळली नाही.

“भागीबाई, काढा चिठ्ठी,” मी म्हटलं.

“सतरा,” भागीबाईंनी वाचलं, आणि त्यांचाच चेहरा पडला. “अरे द्येवा. गुर्जी, तुमची निघाली की हो! बाई, म्हातारं माणूस, त्यास्नी झाडासाठी आणलंय. मी बसते त्यांच्या जागी.”

“नियम म्हणजे नियम,” मी म्हटलं. “ज्याची चिठ्ठी त्यानं बसायचं.”

त्यानं मान हलवली आणि आमच्या मागं चालू लागला. दाट धुकं होतं, भिक्खूंचे घोळके, फुलांच्या परड्या. बाहेर एका कट्ट्यापाशी आम्ही चपला काढल्या, पिशव्या ठेवल्या, मोबाईल आधीच जमा केले होते. आणि सवयीनं मी तो बिस्किटाचा डबाही त्याच्याजवळ ठेवला. बसणाऱ्याकडं डबा ठेवायचा, हा माझाच नियम. इतकी वर्षं हात आपोआप तेच करतो. आत गेल्यावर अर्ध्या वाटेत लक्षात आलं. पण मागं फिरले नाही. म्हटलं, म्हातारा काय उघडून बघणार आहे.

आत आमच्या बाया पिंपळाखाली बसल्या. वंदना झाली, भागीबाईंना रडू आलं, कुणाला तरी एक गळालेलं पान सापडलं तर सगळ्या जणी त्याला हात लावायला धावल्या. मी डोळे मिटले. दरवर्षी तिथं बसले की मला आतून शांत वाटतं. या वेळी मिटल्या डोळ्यांपुढं नुसत्या चपला. मला वाटलं होतं, गार गार वाटेल. कसलं काय! माझं शरीर पिंपळाखाली होतं आणि मी बाहेर त्या कट्ट्यावर. पण म्हटलं ना मनाला, असू दे. त्यालाही कळू दे दोन तास किती लांब असतात.

बाहेर आलो तेव्हा त्यानं चपला मांडून ठेवल्या होत्या. जोडीला जोड, सरळ ओळीत, आणि पुढची टोकं बाहेरच्या बाजूला, म्हणजे आलेल्यानं नुसते पाय सरकवायचे. बाया म्हणाल्या, अगं बाई, गुरुजी, किती छान. सगळ्या बसकडं निघाल्या. तो उठला, गुडघ्यावर हात ठेवून.

“मॅडम,” म्हणाला, “मी दहा मिनिटं आत जाऊन येऊ? लांबून बघून येतो. लगेच येतो.”

हाच क्षण. एकतीस वर्षं मी हे वाक्य तोंडात धरून ठेवलं होतं.

“वेळ नाही,” मी म्हटलं. “गाडी सुटेल. आणि तुम्हाला दर्शन कशाला? तुमच्यात बुद्ध मानत नाहीत ना?”

त्यानं खाली वाकून डबा उचलला आणि माझ्या हातात दिला.

“वेळ जात नव्हता, म्हणून उघडला,” म्हणाला. “सगळ्यांवर सतराच आहे.”

मी डबा काखेत मारला.

“तू निदान चिठ्ठ्या तरी केल्यास, संजना. मी तर तेव्हा चिठ्ठीसुद्धा टाकली नव्हती.”

माझ्या कानात गरम शिसं ओतल्यासारखं झालं. नाव! माझं नाव ठाऊक होतं त्याला.

“कधी ओळखलंत?”

“पहिल्या दिवशी. माहेर सांगितलंस तेव्हा. संजना फकिरा शेजवळ, पाचवी ब. लाल पट्ट्याच्या चपला.”

“मग बोलला का नाहीत?”

“भ्यालो,” म्हणाला. “वाटलं, विसरली असेल. विसरली असेल तर बरं.”

बघा! शहात्तर वर्षांचा माणूस, आणि मनात काय, तर ही विसरली असेल तर बरं. मला त्याच्या सदऱ्याची कॉलर धरून हलवावंसं वाटलं. मी म्हटलं, “चला. गाडीत बसा.” तो मुकाट चालू लागला. एकदा मागं वळून बघितलं त्यानं. धुक्यात पिंपळ सोडा, भिंतसुद्धा धड दिसत नव्हती. पस्तीस वर्षं जिथं टिंब दिलं तिथून तो शंभर पावलांवरून परत गेला. आणि मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. खोटं कशाला सांगू. जेवले मी दुपारी, चांगली पोटभर.

पण एक गोष्ट टोचत होती. त्यानं डबा उघडला होता, सगळं कळलं होतं, तरी दोन तास गप्प बसून त्यानं चपला सरळ केल्या. तो बसला होता, मी बसवला नव्हता. म्हणजे माझा सूडही त्यानं अर्धा आपल्याकडं ठेवून घेतला. संध्याकाळी रवीचा फोन आला. विचारलं, झालं समाधान? मी म्हटलं, जास्त बोलू नकोस, इथं रेंज नाही. रेंज होती.

दुसऱ्या दिवशी राजगीर. तिथं गृध्रकूट म्हणून टेकडी आहे, बुद्ध तिथं उपदेश करायचे. आमच्या बाया ती अनवाणी चढतात, खाली चपला काढून. सकाळी मी जुन्या चिठ्ठ्या पर्समधून काढल्या, बसच्या पायरीवर सगळ्यांसमोर एकेक उलगडून दाखवली आणि डब्यात टाकली. बाया म्हणाल्या, आज हे काय नवीन? म्हटलं, असंच. सतरा नंबरची चिठ्ठी मी बाजूला काढून फाडली. तो बसला होता, त्याची पाळी झाली होती. नियम म्हणजे नियम.

भागीबाईंनी हात घातला. “बेचाळीस. आत्ता गं बया, ही तर तूच!”

सगळ्या हसल्या. मीही हसले. टेकडीच्या पायथ्याशी दगडी कठड्यावर मी बसले, पुढं चपलांचा ढीग. बाया चढू लागल्या. तो मागं राहिला. सगळ्या वळणाआड गेल्यावर माझ्यापाशी आला, आपल्या चपला काढून हातात धरलेल्या.

“तू वर जा,” म्हणाला. “मी बसतो. मला बसू दे, संजना.”

काय मागत होता ते मला कळलं. माझ्या जागी बसून त्याला हलकं व्हायचं होतं. काल एकदा बसला, आज परत बसला असता, आणि घरी गेल्यावर निवांत झोपला असता. आणि सांगते, त्याचे डोळे भरले होते, आवाज खरा होता. मी कठड्यावरून अर्धी उठलेही होते. म्हणूनच मी सावध झाले.

“नको,” मी म्हटलं. “तुम्ही जाऊन या. मला सवय आहे.”

तो तिथंच उभा राहिला. कालच्या चिठ्ठीनं जे झालं नव्हतं ते या तीन शब्दांनी झालं. त्याचा चेहरा एकदम म्हातारा झाला. हातातल्या चपला त्यानं हळूच माझ्यापुढं ठेवल्या, अगदी टोकाला, आणि निघाला. पायऱ्या चढताना प्रत्येक वळणावर थांबत होता. मी बघत होते. दिसेनासा झाला तेव्हा मी रडले, पण ते त्याच्यासाठी नाही. लाल पट्ट्यांसाठी रडले.

दोन तासांनी बाया उतरल्या. सगळ्यांत शेवटी तो. घामानं भिजलेला. चपला घालायला वाकला नाही, आधी माझ्यासमोर उभा राहिला, फळ्यापाशी उभा राहायचा तसा.

“वणीच्या गडावर वर गेलं की समोर मार्कंड्याचा डोंगर दिसतो,” म्हणाला. “त्याच्या मागं रवळ्या-जवळ्या, मग धोडप, मधे खाच पडलेला. उजव्या हाताला खाली वणी, वणीच्या पुढं ओझरखेडच्या धरणाचं पाणी चकाकतं. त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं.” हातानं कपाळ पुसलं. “आपलं गाव दिसत नाही तिथून. मी वर गेल्यावर शोधलं होतं. तू विचारलं होतंस म्हणून शोधलं होतं. खाली येऊन सांगितलं नाही.”

माझ्या आजूबाजूला बाया चपला शोधत होत्या, हसत होत्या. मी कठड्यावर बसून होते. अकरा वर्षांची असताना विचारलेल्याचं उत्तर मला आत्ता कळलं. नाही दिसत. इतकी वर्षं मी मनात धरून बसले होते की दिसत असणार, द्राक्षाच्या बागेत आई वाकलेली दिसत असणार, आणि तेच माझं गेलं.

“उत्तर बरोबर आहे, गुरुजी,” मी म्हटलं. “पण पेपर एकतीस वर्षं उशिरा दिलात. मार्क मिळणार नाहीत.”

“नकोत,” म्हणाला, आणि मग वाकून चपला घालू लागला.

बस सुटण्याआधी मी नेहमीप्रमाणे माईक घेतला आणि यादीवरून हजेरी सुरू केली. एक, आहे. दोन, आहे. बाया शेंगदाणे खात उत्तरं देत होत्या. सोळा झाली.

“सतरा?”

तो त्या दिवशीच्या आपल्या जागेवरून, मागच्या बाकावरून, उठून उभा राहिला. बाकी कुणी हजेरीला उठत नाही.

“हजर,” म्हणाला.

मी यादीत खूण केली आणि अठरा म्हटलं. तेरा दिवस झाले, नाशिकरोडला उतरला, नमस्कार करून गेला. त्यानं माझं नाव घेतलं होतं, बापाच्या नावासकट. मी त्याचं घेतलं नाही. तिथंही नाही आणि इथंही नाही.